विकत घेतलेला खेळ कंपनीने बंद केला, तर आपल्या हाती नेमके काय उरते?

गोदाकाठचा गेमर (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, चाळिशीला टेकलेला, आणि शाळेपासून व्हिडिओ गेम खेळत आलेला माणूस आहे. टीव्हीला जोडायच्या खेळाची पिवळी कॅसेट, पुढे सायबर कॅफे, मग हप्त्याने घेतलेला स्वतःचा संगणक, हा माझ्या पिढीचा नेहमीचा प्रवास माझाही झाला. हे आधी सांगतो, कारण पुढची तक्रार नवख्याच्या रागातून आलेली नाही.

२०१९ च्या दिवाळीत मी एक ऑनलाइन खेळ सुमारे अडीच हजार रुपयांना विकत घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. सहा जणांनी टोळी करून मोहिमेवर निघायचे, असे त्या खेळाचे स्वरूप होते. आमची टोळी रात्री साडेदहाला जमत असे. तीत कोल्हापूरचा एक औषधविक्रेता, हैदराबादचे दोघे भाऊ, दुबईत रात्रपाळीला निघण्यापूर्वी तासभर खेळणारा एक मालवणी गृहस्थ आणि आपले गाव कधीच न सांगणारी एक मुलगी होती. त्यांची खरी नावे मला आजही ठाऊक नाहीत. मात्र कोणाच्या वडिलांचे डायलिसिस कोणत्या वारी असते आणि कोणाच्या घरी अकराला मोटार लावून पाणी भरावे लागते, हे पाठ होते. गेल्या वर्षी कंपनीचे चार ओळींचे पत्र आले आणि तीन महिन्यांनी सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारे कंपनीचे संगणक, बंद झाले. शेवटच्या रात्री आम्ही मोहीम हाती न घेता खेळातल्या एका टेकडीवर नुसते बसून राहिलो. पावणेबाराच्या सुमारास 'संपर्क तुटला' अशी पाटी आली. खेळ अजूनही माझ्या संगणकात जागा अडवून बसला आहे आणि सुरू केला की तीच पाटी दाखवतो.

त्यानंतर आम्ही डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गट केला, पण तो महिनाभरात थंडावला. गप्पांना हाताला काहीतरी काम लागते, हे तेव्हा कळले. अंगणात शेंगा फोडत बसलेल्या बायकांच्या गप्पा जशा रंगतात, तशा त्याच बायकांना खुर्च्यांवर समोरासमोर बसवले तर रंगणार नाहीत. आमच्या शेंगा कोणीतरी उचलून नेल्या. 'ऑनलाइन ओळखी खोट्याच असतात' हे मत मी अनेकदा ऐकले आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही; ओळख खरी होती, तिची बसायची जागा भाड्याची निघाली.

घरचे म्हणतात, खेळच तर होता. म्हणून इथे विचारतो. मी अडीच हजारांना नेमके काय विकत घेतले होते? सर्व्हर बंद झाला की खेळ मरतो, ही तांत्रिक अपरिहार्यता आहे की कंपनीची सोय? शिवाय माझा आठवीतला भाचा बीजीएमआय या मोबाइलवरच्या खेळात आपल्या पात्राला पोशाख घेण्यासाठी भाऊबिजेचे पैसे खर्च करू का, असे विचारतो आहे. त्याला मामा म्हणून काय सांगावे?

सर्व्हरखोलीतला उंदीर:

मी पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचीच नोकरी करतो. खेळांचे नव्हे, पण तत्त्व तेच असते. तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर खेळागणिक बदलते आणि कंपन्या या फरकावर पांघरूण घालतात.

स्पर्धेच्या खेळात तुमचा संगणक प्रामुख्याने चित्र काढतो आणि तुम्ही कोणती कळ दाबली ते कळवतो. गोळी लागली की नाही, कोणाकडे किती नाणी आहेत, याचा निवाडा सर्व्हर करतो. तो निवाडा खेळाडूच्या यंत्रावर सोपवला तर पहिल्याच आठवड्यात अर्धे गाव अमर होईल. तेव्हा सर्व्हर हवाच, हे खरे. पण तो कंपनीच्याच घरात हवा, हे त्यातून सिद्ध होत नाही. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफ या खेळावर चाहत्यांनी चढवलेले रूपांतर म्हणून सुरू झाला आणि त्याचा सर्व्हर चालवण्याचा प्रोग्रॅम खेळाडूंना मोकळा मिळत होता. कोणीही आपल्या यंत्रावर तो चालवावा आणि इतरांना आत घ्यावे, असा रिवाज होता.

दुसरा प्रकार खेळाडूंची गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थाचा. तो वधूवर सूचक मंडळासारखा असतो. मंडळाला टाळे लागले म्हणून झालेली लग्ने मोडत नाहीत. गेमस्पाय ही अशीच मध्यस्थ सेवा ३१ मे २०१४ रोजी बंद झाली आणि बॅटलफील्ड १९४२ सारख्या अनेक जुन्या खेळांची ऑनलाइन बाजू एकदम पोरकी झाली. पण त्यांतल्या ज्या खेळांचे सर्व्हर प्रोग्रॅम लोकांच्या हाती होते, त्यांच्यासाठी चाहत्यांनी पर्यायी मध्यस्थ उभे केले आणि खेळ चालू राहिले.

तिसरा प्रकार मात्र मला निखळ सोयीचा वाटतो. सिमसिटी हा शहर वसवण्याचा खेळ मार्च २०१३ मध्ये आला, तेव्हा एकट्याने खेळतानाही इंटरनेट सक्तीचे होते. पहिल्या दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेली माणसे वेशीबाहेर ताटकळली. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, तोच खेळ इंटरनेटविना खेळण्याची सोय दिली गेली. म्हणजे अपरिहार्यता वर्षभरात विरघळली.

तुमच्या दुःखाचे सर्वांत गाजलेले उदाहरण 'द क्रू' हा युबिसॉफ्टचा मोटार-शर्यतीचा खेळ. तो डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात सबंध अमेरिकेचा आटोपशीर नकाशा होता आणि त्यातले पुष्कळसे काही एकट्याने खेळण्याजोगे होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. ज्यांच्याकडे डबीतली तबकडी होती, तीही निरुपयोगी ठरली. सर्व्हरची व्यवस्था आणि परवान्यांच्या मर्यादा, अशी कारणे कंपनीने दिली. परवान्याची अडचण खोटी नसते: खेळातली प्रत्येक खरी मोटार आणि गाणे मुदतीच्या कराराने येते. पण तो करार नव्या प्रती विकण्याला आड येतो. विकून झालेल्या प्रती बंद पाडाव्याच लागतात, असे नाही. याच मालिकेतल्या दुसऱ्या खेळाला कंपनीने पुढे, २०२५ मध्ये, ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. गदारोळ झाला नसता तर ती दिली असती का, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता पहिला प्रश्न. तुम्ही परवाना विकत घेतला होता, वस्तू नव्हे. कॅलिफोर्नियात २०२४ साली झालेल्या कायद्यानुसार दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. त्या सुमारास, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानानेही पैसे भरण्याच्या पानावर 'ही खरेदी म्हणजे परवाना आहे' अशा अर्थाची ओळ घातली. खेळाच्या पानावर 'विकत घ्या' हे शब्द मात्र तसेच आहेत. जीओजी या दुकानातून घेतलेल्या खेळांची स्थापना-फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. मी हल्ली एकट्याने खेळायचे खेळ शक्यतो तिथूनच घेतो.

तिसरी घंटा:

धागाकर्त्यांविषयी सहानुभूती ठेवून थोडा विरोध नोंदवतो. 'खेळ' हा शब्द आपण नाटकालाही वापरतो: दुपारी चारचा खेळ, रात्री साडेआठचा खेळ. मी हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षे काढली. नाटकाचे तिकीट काढलेला प्रेक्षक पडदा पडल्यावर नेपथ्य घरी मागत नाही. दोनशे प्रयोग चाललेले नाटक एके दिवशी थांबते, संच फुटतो, आणि त्या संचातल्या माणसांची रात्रीच्या बसमधली जवळीकही त्याबरोबर संपते. आपण तिची आठवण काढतो, निर्मात्यावर दावा लावत नाही. ऑनलाइन खेळ ही चालू प्रयोगाची कला आहे, आणि पाच वर्षे रोज रात्री अडीच हजारांत प्रयोग पाहायला मिळाला असेल, तर हिशेब फार वाईट नाही. शिवाय रिकाम्या नाट्यगृहात दिवे जाळत बसणे कोणत्याही निर्मात्याला परवडत नाही. शेवटच्या वर्षी तुमच्या खेळात रोज किती लोक येत होते, हेही एकदा आठवून पाहावे.

गोदाकाठचा गेमर:

लोक कमी झाले होते, हे कबूल. कधीकधी सहावा गडी मिळवायला अर्धा तास लागत असे. परंतु तुमच्या तिकिटावर तारीख आणि वेळ छापलेली असते. माझ्या खेळाच्या पानावर 'हा प्रयोग केव्हाही थांबेल' असे कुठे लिहिले होते? असलेच तर त्या करारनाम्यात, जो उघडला की खाली सरकवता सरकवता बोट दुखते.

राईनकाठची:

मी नऊ वर्षांपासून जर्मनीत राहते आणि याच विषयावरची चळवळ इथे जवळून पाहते आहे, म्हणून लिहिते. द क्रू बंद पडल्यावर, एप्रिल २०२४ मध्ये, रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबकाराने 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम सुरू केली. तिचे एक अंग म्हणजे युरोपीय नागरिकांचा पुढाकार: युरोपीय संघाच्या नागरिकांनी वर्षभरात दहा लाख सह्या जमवल्या आणि किमान सात देशांत ठरलेला आकडा गाठला, तर युरोपीय आयोगाला त्या मागणीवर उत्तर द्यावे लागते. कायदा करण्याचे बंधन मात्र नसते. सह्या कित्येक महिने रखडल्या होत्या. मोहीम बारगळली, असे स्कॉट यांनीही जवळजवळ मान्य केले होते. मग २०२५ च्या जूनअखेरीस एकाएकी लाट आली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला. मला सही करता आली नाही, कारण माझा पासपोर्ट भारतीय आहे. नवऱ्याच्या कार्यालयातल्या तिघांना मी करायला लावली.

'तिसरी घंटा' यांचा मुद्दा इथेही वारंवार मांडला गेला. पण सर्व्हर अनंत काळ चालवत राहा, अशी मागणी कोणी केलेली नाही. पाठिंबा थांबवताना खेळ खेळण्याजोग्या स्थितीत सोडून जा, एवढेच म्हणणे आहे. तुमचीच उपमा पुढे नेते. शंभर वर्षांपूर्वीची संगीत नाटके आजही नव्या संचात उभी राहतात, कारण संहिता छापलेली आहे आणि पदांच्या चाली लोकांच्या गळ्यात आहेत. इथे निर्माता प्रयोग थांबवताना संहितेची शेवटची प्रतही कपाटात कुलूपबंद करतो, आणि प्रेक्षकाने विकत घेतलेली प्रत वाचता येऊ नये, अशी व्यवस्था करतो. आक्षेप त्याला आहे.

दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे. तिथल्या खेळ-उद्योगाच्या संघटनेचे म्हणणे असे, की खासगी सर्व्हरवर खेळाडूंची माहिती आणि मुलांची सुरक्षितता यांची हमी कोण घेणार, आणि सुरुवातीपासून ऑनलाइनच रचलेल्या खेळाला नंतर सुटे करण्याचा खर्च कोण करणार. दुसरा मुद्दा मला वजनदार वाटतो. बांधून झालेल्या घराला नवा जिना काढणे अवघडच असते, पण मागणी जुन्या घरांविषयी नाही, यापुढच्या नकाशांविषयी आहे. पहिला मुद्दा मात्र पटत नाही, कारण जिथे मालकाने मनावर घेतले तिथे वाट निघाली आहे. 'सिटी ऑफ हीरोज' हा खेळ एनसीसॉफ्टने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. कित्येक वर्षे चाहत्यांनी तो गुपचूप जिवंत ठेवला, २०१९ मध्ये ते गुपित फुटले, आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच चाहत्यांच्या 'होमकमिंग' या सर्व्हरला अधिकृत परवाना दिला.

आणखी एक आकडा. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. त्यांतले बहुतेक तर ऑनलाइन नव्हतेच. कुलूप नसतानाही इतके हरवते, तर कुलूप असलेल्यांचे काय होईल?

ठाण्याची ताई:

भाच्याविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून मी लिहिते. माझा मुलगा नववीत आहे आणि त्याच्याबरोबर मीही खेळते. त्याच्यापेक्षा माझा नेम बरा आहे, हे तो मान्य करत नाही.

मुलाला उपदेश करण्यापेक्षा बीजीएमआयचाच इतिहास सांगावा. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होता, आणि ऑक्टोबरअखेर भारतातले त्याचे सर्व्हर बंद झाले. जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार म्हणून बीजीएमआय आला आणि जुन्या खात्यातले सामान त्यात आणण्याची सोय मिळाली. जुलै २०२२ मध्ये तोही ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. तीन वर्षांत एकाच खेळाने एवढे हेलकावे खाल्ले. मी माझ्या मुलाला सांगितले, की पोशाखावर खर्च करायचा तर तो जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखा करावा: फेरी झाली, मजा आली, पैसे फिटले. ती चांदीची वाटी नव्हे. महिन्याला रक्कम ठरवून दिली आहे, आणि माझे कार्ड त्याच्या फोनवर साठवलेले नाही.

जाता जाता, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याचा हवाला देऊन आमचे एक नातेवाईक 'आता सगळेच बंद होणार' असे सांगत फिरत आहेत. त्या कायद्यातली बंदी पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्सला त्यात उलट मान्यताच दिली आहे. रमी आणि बीजीएमआय एका मापाने मोजू नयेत.

माजी कॅफेवाला, सांगली:

मी २००३ पासून आठ वर्षे बारा संगणकांचा कॅफे चालवला. त्यातल्या किती सीडी अस्सल होत्या, हे कृपया विचारू नये. संध्याकाळी कॉलेजची मुले यायची आणि दोन गट पाडून 'डस्ट टू'च्या नकाशावर काउंटर-स्ट्राइक खेळायची. एज ऑफ एम्पायर्सवाले वेगळे. ते शांत, चहा मागवणारे, तीन-तीन तास न उठणारे. माझे पोट खरे तर त्यांच्यावर चालायचे.

२००५ च्या पुरात आमच्या पेठेत पाणी शिरले. संगणक आम्ही आधीच माळ्यावर चढवले होते. पाणी ओसरल्यावर वीज लवकर आली, पण टेलिफोनच्या तारा बरेच दिवस मेलेल्या होत्या, त्यामुळे इंटरनेटचा प्रश्नच नव्हता. चिखल काढून काढून पोरे वैतागली होती. मी सहा यंत्रे खाली आणून लॅनने, म्हणजे इंटरनेटविना आपापसांत वायरीने, जोडली आणि एका यंत्रावर सर्व्हर चालू केला. भिंतीला अजून ओल होती, वास येत होता, आणि दहा-बारा पोरे आळीपाळीने खेळत होती. पैसे घेतले नाहीत. आजच्या खेळांपैकी कितीकांवर हे करता येईल, याचा विचार करतो तेव्हा धागाकर्त्यांचे म्हणणे पटते. खोलीत सहा संगणक, सहा माणसे आणि मध्ये एक वायर असूनही त्यांना परदेशातल्या कोणत्या तरी यंत्राची परवानगी लागते, हे मला अजून विचित्र वाटते.

एक मात्र लक्षात ठेवावे. खेळ जिवंत राहिला म्हणजे मंडळी राहतेच, असे नाही. काउंटर-स्ट्राइक १.६ आजही चालतो. माझी पोरे मात्र पांगली. कोणी बंगळुरूला, कोणी ह्यूस्टनला, एक तर आता सांगलीतच नगरसेवकाच्या मागे फिरतो. २०१७ साली त्यांतल्या एकाच्या लग्नात आम्ही हॉलच्या मागच्या खोलीत दोन लॅपटॉप जोडले. नवरदेव अक्षतांना दहा मिनिटे उशिरा पोहोचला. मुलीकडच्यांना खरे कारण अजून सांगितलेले नाही.

सर्व्हरखोलीतला उंदीर:

कॅफेवाले काका, शेवटच्या परिच्छेदाबद्दल आभार. धागाकर्त्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट राहून गेली होती. नवा खेळ घेताना पुढचे तपासावे: एकट्याने खेळायला इंटरनेट लागते का, लॅनची सोय आहे का, आणि सर्व्हरचा प्रोग्रॅम खेळाडूंना दिलेला आहे का. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर कोणालाही कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घरच्या जुन्या संगणकावर चालवता येतो. टेरारियाचेही तसेच. तुमच्या टोळीला मोहिमाच हव्या असतील तर व्हालहाइम पाहावा. त्याचाही सर्व्हर स्वतः चालवता येतो आणि दहा जण एकत्र खेळू शकतात.

गोदाकाठचा गेमर:

सर्वांचे मनापासून आभार. 'तिसरी घंटा' यांच्याशी माझे पूर्ण एकमत होणार नाही, पण संच फुटतो हा शब्दप्रयोग आमच्या टोळीला अगदी चपखल बसतो, हे मान्य करतो.

काल डिस्कॉर्डवरच्या त्या थंड पडलेल्या गटात व्हालहाइमचा प्रस्ताव टाकला. कोल्हापूरकर आणि हैदराबादचा धाकटा भाऊ लगेच हो म्हणाले. थोरल्याला आता बाळ झाले आहे, त्यामुळे त्याचे शनिवारपुरतेच जमेल. दुबईकरांचे उत्तर आलेले नाही; त्या मुलीने फक्त अंगठा दाखवला आहे, आणि तिच्या बाबतीत तो होकार समजायचा असतो. सर्व्हर माझ्या जुन्या संगणकावर, आईच्या शिवणयंत्राच्या टेबलाखाली ठेवणार आहे.

भाच्याला आकाशपाळण्याचा दाखला दिला. तो म्हणाला, 'मामा, मग दोन फेऱ्यांचे पैसे दे.'

कॅफेवाले काका, एक विचारायचे होते. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आणि त्याचे चार मित्र घरी येणार आहेत. त्यांना १.६ दाखवावा म्हणतो. पाच यंत्रांना आठ पोर्टचा स्विच पुरेल ना?

माजी कॅफेवाला, सांगली:

पुरेल. वायरी मात्र दोन जास्तीच्या आणून ठेवा. ऐन वेळी एक तरी मरतेच.